दोन बहिष्कार

मद्रासचे चित्रपट-दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम् (१९०४–१९७१) यांच्या वाट्याला दोन बहिष्कार आले. ‘बालयोगिनी’त (१९३७) विधवेच्या भूमिकेसाठी त्यांनी खरोखरीच्या ब्राह्मण विधवेला उभे केले, तेव्हा सनातन्यांनी त्यांना वाळीत टाकले. पुढे काँग्रेस मंत्रिमंडळ पायउतार झाल्यावर मद्रास सरकारने कल्कींच्या कथेवरील ‘त्यागभूमी’वर (१९३९) बंदी घातली.

या बंदीमुळे ‘त्यागभूमी’ राष्ट्रीय चित्रपट म्हणून गाजला. तथापि तो केवळ तसाच पाहणे म्हणजे सरकारचीच दृष्टी उसनी घेणे होय. सरकारला खादी व मिरवणुका दिसल्या. चित्रपटाचे मर्म मात्र न्यायालयातील प्रसंगात आहे. नवऱ्याने टाकलेली सावित्री पुढे श्रीमंत होते. तेव्हा तिला नांदावयास आणण्यासाठी तो दावा लावतो. ती परत जाण्याचे नाकारते आणि उलट त्यालाच पोटगी देऊ करते. ‘कुंकू’तील (१९३७) नीराचे बंडही तेजस्वी आहे, पण तिची सुटका वृद्ध पतीच्या आत्महत्येने होते, सावित्री स्वतःच्या निर्णयाने मोकळी होते.

दुसऱ्या बहिष्काराने सुब्रह्मण्यम् यांना कीर्ती दिली. त्यांच्या कलेची खरी ओळख मात्र पहिल्या बहिष्कारातच पटते.