मुका अकार : 'समजतो' आणि 'समजून'

मलकापुरात एकदा काव्यवाचन स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. एका मुलीने 'करतो' हा शब्द 'कर्तो' असा म्हटला. वृत्त मोडले म्हणून तिचे गुण कापले गेले. गुणपत्रकावर मीही सही केली. ती सही आजवर टोचते, कारण कविता मात्रावृत्तातली होती. क-र-तो म्हणजे लघू, लघू, गुरू : चार मात्रा. कर्-तो म्हणजे दोन गुरू : पुन्हा चारच. मोडले काहीच नव्हते.

मग या मुक्या अकाराच्या मागे लागलो. 'समज' हा धातू घ्या. आपण बोलतो 'स-मज्-तो', पण 'सम्-जून'. प्रत्यय व्यंजनाने सुरू झाला की 'म'चा अकार जिवंत, स्वराने सुरू झाला की तो गडप. उतरतो-उतरून, विसरतो-विसरून, बदलतो-बदलून, सगळ्यांची हीच तऱ्हा. फ्रेंच मी कोशावरून शिकलो, त्यामुळे अधिकाराने बोलत नाही; पण हाक मारण्याचे त्यांचे क्रियापद असेच वागते. 'तू हाक मारतोस' म्हणताना 'आपेल', 'आम्ही मारतो' म्हणताना 'आप्लों'. फरक एवढाच की स्वर ऐकू येतो तिथे फ्रेंच लेखनात 'ल' दुहेरी होतो. देवनागरी मात्र दोन्हीकडे 'म' तसाच ठेवते आणि गप्प बसते.

'करतो'चे जुने रूप 'करितो'. तिथे खरोखर तीन अक्षरे उच्चारली जात. इकार गेला, अकार आला, मग तोही बोलण्यातून गेला. लगक्रम मात्र कागदावर ललगा असाच राहिला. अक्षरगणवृत्तात म्हणूनच आजचे क्रियापद अवघडते. फ्रेंचांच्या अभिजात पद्यातही बोलण्यात न उरलेला अन्त्य स्वर पुढे व्यंजन आले की मोजतात. पण तो संकेत आहे हे तिथल्या वाचकाला ठाऊक असते.

माझी खरी तक्रार आजच्या गझललेखनाबद्दल आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियन यांनी गझल मराठीत रुजवली आणि 'छंदोरचने'त वृत्तविचाराला शिस्त लावली. फारसी-उर्दूत वजन धरतात ते उच्चारावर. आपल्याकडे 'दोन लघूंचा एक गुरू' ही सवलत तेवढी उचलली गेली, पण कोणते दोन हे कानाला न विचारता. 'समजतो' सर्रास गालगाच्या जागी बसवतात : सम्-ज-तो. मात्रा पाचच भरतात, पण तो शब्द मराठीत कुणी बोलत नाही. बोलतात ते लगागा. 'समजून'मध्ये 'सम' जोडणे बरोबर, 'समजतो'मध्ये चूक. डोळ्याला मात्र दोन्ही सारखेच.

आमच्याकडे 'काय करालायस?' असे विचारतात. क-रा-ला-यस. धातूतला एकही अकार मुका नाही, जसे लिहावे तसेच ऐकू येते. त्या मुलीच्या घरीही असेच बोलत असतील. हे रूप अजून मला कुणाच्या गझलेत दिसलेले नाही.