‘अधिकार’ या शब्दाचे तीन अर्थ : ‘अंतःस्फोट’मधील एका लेखाचा विचार

उच्च शिक्षणात दलित विद्यार्थ्याने मिळविलेले यश आणि त्यातून उदयास येणारे नेतृत्व यांचा संबंध आपल्याकडे बहुधा गृहीत धरला जातो. पदवी मिळाली की प्रतिष्ठा येते आणि प्रतिष्ठेच्या मागोमाग समाजाचे पुढारपण चालत येते, असा हा समज आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासण्यास नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकातील एक लेख विशेष उपयोगी आहे. आपण संस्कृत कसे शिकलो याची हकीकत त्यांनी या लेखात सांगितली आहे. १९९२ साली अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या इंग्रजी संग्रहात त्याचा अनुवाद आला आणि मराठीबाहेरही त्याची चर्चा झाली. सामान्यतः हा लेख जिद्दीची आणि विजयाची कथा म्हणून वाचला जातो. प्रस्तुत लेखकास हे वाचन अपुरे वाटते.

या लेखाचे मर्म ‘अधिकार’ या एका शब्दाच्या आधारे उलगडता येते. हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो. पहिला अर्थ शास्त्रातला : एखाद्या विद्येस किंवा कर्मास कोण पात्र आहे, हा प्रश्न. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील अपशूद्राधिकरणात शूद्रास वेदविद्येचा अधिकार आहे की नाही, याची चर्चा याच अर्थाने झाली आहे. दुसरा अर्थ प्रभुत्वाचा : ‘त्यांचा व्याकरणावर अधिकार आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो अभिप्रेत असतो. तिसरा अर्थ पदाचा व सत्तेचा. ‘अधिकारी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. आधुनिक विद्यापीठाची सारी भिस्त अशी की, येथे पहिल्या अर्थाची विचारपूस होणार नाही आणि दुसरा अधिकार ज्याने कमावला त्यास तिसरा मिळेल. पावडे यांचा लेख म्हणजे या आश्वासनाची एका विद्यार्थिनीने घेतलेली परीक्षा होय.

पहिल्या अधिकाराचा प्रश्न त्यांच्यापुढे बालपणीच उभा राहतो. मुंजीच्या प्रसंगी चाललेले मंत्र ऐकणे हेही त्यांच्या बाबतीत आगळीक ठरते. येथे आक्षेप उच्चारास नसून श्रवणास आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. भाषा प्रथम कानांनी शिकली जाते. म्हणून ज्यास भाषेपासून दूर ठेवावयाचे, त्याचे कान आधी बंद करावे लागतात. याच्या उलट बाजूस शाळेतील गोखले गुरुजींचे चित्र येते. वेशभूषेने परंपरानिष्ठ असलेले हे शिक्षक आपणास संस्कृत शिकवतील की नाही, अशी मुलीस धास्ती असते. प्रत्यक्षात ते कोणताही भेद न करता शिकवितात. लेखिकेने हे ऋण मनापासून मान्य केले आहे. व्यवस्थेवर कठोर टीका करताना व्यक्तीविषयी न्यायबुद्धी न सोडणे, हा या लेखनाचा मोठा गुण आहे.

दुसरा अधिकार त्यांनी अध्ययनाने मिळविला. संस्कृत घेऊन एम. ए. ची पदवी त्यांनी संपादन केली. परंतु पुढे सभांमधून त्यांची जी स्तुती होऊ लागली, ती त्यांस सुखावीत नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील स्त्री संस्कृत जाणते, याचेच श्रोत्यांस नवल वाटते. या नवलात प्रशंसेइतकाच पहिल्या अर्थाचा जुना नकारही दडलेला आहे. कारण ज्याची अपेक्षा असते त्याचे कोणी नवल करीत नाही. हा भेद लेखिकेने सूक्ष्मपणे टिपला आहे.

तिसऱ्या अधिकाराची कथा सर्वांत बोचरी आहे. कुमुद सोमकुवर या नावाने पदवी मिळूनही अध्यापनाची जागा मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर कुमुद पावडे या नावाने शासकीय महाविद्यालयात ती मिळते. विद्या तीच, पदवी तीच. पालटले ते केवळ आडनाव. तेव्हा हे श्रेय नेमके कोणाचे, असा प्रश्न त्या शेवटी करतात. भाषाशास्त्रात विशेषनामास कोशगत अर्थ नसतो असे म्हणण्याची रीत आहे. पण आपल्या समाजात आडनावाचा अर्थ सर्वप्रथम वाचला जातो. लेखाचा शेवट यशाने न करता या शल्याने करण्यात लेखिकेची सचोटी दिसते. ज्या क्षणी समाज त्यांस ‘अधिकारी’ ठरवितो, त्याच क्षणी त्या त्याच्या निकषांची झडती घेतात. नेतृत्वाचा आरंभ येथे आहे. तो पदाने आणलेला नाही. आपल्या यशाचा हिशेब निर्भयपणे मांडण्यातून तो झाला आहे, आणि तोही संस्कृतप्रचुर परंतु उपरोधाने धारदार झालेल्या मराठीत.

तथापि लेखाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ही वाटचाल मुख्यतः एकटीची आहे. विद्यार्थ्यांचा समूह तीत फारसा दिसत नाही. यशाचे नेतृत्वात रूपांतर होण्यास असा समूह लागतो, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांच्या इतिहासावरून कळते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली उच्चशिक्षित दशांशाने समाजाचे नेतृत्व करावे, असे प्रतिपादन केले होते. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला; त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ झाला. मिलिंदच्या परिसरात विद्यार्थ्यांस वर्गाबरोबर वसतिगृह आणि लेखनाचे व्यासपीठही लाभले. पुढे ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक त्याच वातावरणातून उभे राहिले. ज्यास आपले म्हणणे ऐकून घेणारे सहाध्यायी मिळतात, त्यास इतरांच्या नवलावर विसंबावे लागत नाही. नागपुरात दीक्षाभूमीवर महाविद्यालय निघाले ते १९६४ साली. पावडे यांच्या विद्यार्थिदशेत ही सोय नव्हती. म्हणून ही मर्यादा लेखिकेपेक्षा तिच्या काळाची अधिक आहे.

आज या लेखाचा अभ्यास करणाऱ्याने संस्कृतच्या जागी इंग्रजी ठेवून पाहावे. सदरसारख्या वस्तीत एकाच रस्त्यावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी कानी पडतात. पण मुलाखतीच्या खोलीत त्यांचे मोल सारखे नसते. खेड्यातून आलेला विद्यार्थी विषयात प्रवीण असूनही उच्चारामुळे गप्प बसतो, तेव्हा पहिल्या अर्थाचा ‘अधिकार’ नव्या वेषात परत आलेला असतो. विद्यार्थ्यास गुण देणे हे विभागाचे अर्धेच कर्तव्य होय. चर्चासत्रात त्यास प्रथम बोलू देणे, त्याचा निबंध छापणे आणि तो बोलत असताना नवल न करता त्याच्या प्रतिपादनाचा प्रतिवाद करणे, हे उरलेले अर्धे कर्तव्य आहे. प्रतिवाद समानाशीच केला जातो. आणि कुमुद सोमकुवर या विद्यार्थिनीस जे हवे होते ते हेच.