‘असते’ आणि ‘असू शकते’ : स्थितिक घर्षणाच्या एका विधानाचे परीक्षण

‘स्थितिक घर्षण हे घर्षणगुणांक व अभिलंब प्रतिक्रिया यांच्या गुणाकाराइतके असते’, असे एक सुटसुटीत विधान मराठीतून यामिकी शिकविताना सर्रास केले जाते. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. शास्त्राच्या दृष्टीने मात्र सदोष आहे, आणि हा दोष गणिताचा नसून क्रियापदाचा आहे.

‘असते’ हे रूप मराठीत नित्य वस्तुस्थिती सांगते. परंतु स्थिर ठोकळ्याला धरून ठेवणाऱ्या घर्षणास असे नित्य मूल्य नाही. जेवढी ओढ तेवढा विरोध, हाच त्याचा स्वभाव. उपरोक्त गुणाकार ही त्या विरोधाची केवळ कमाल मर्यादा होय. म्हणून ‘त्या गुणाकारापर्यंत असू शकते’ अशीच वाक्यरचना येथे हवी. निसटण्याच्या अगदी बेतात असलेल्या एकट्या ठोकळ्याच्या उदाहरणात चूक खपून जाते, कारण तेथे मर्यादा आणि मूल्य एकच होतात. दोरीने जोडलेल्या ठोकळ्यांच्या उदाहरणात मात्र ती उघडी पडते.

३० अंशांच्या उतरणीवर प्रत्येकी २० न्यूटन वजनाचे दोन ठोकळे एकाखाली एक असून ताणलेल्या हलक्या दोरीने जोडलेले आहेत, असे समजू. प्रत्येकाची उताराच्या दिशेची ओढ १० न्यूटन व अभिलंब प्रतिक्रिया सुमारे १७.३ न्यूटन. वरच्याचा घर्षणगुणांक ०.८ व खालच्याचा ०.४ धरल्यास घर्षणाच्या मर्यादा अनुक्रमे १३.९ व ६.९ न्यूटन येतात. आता ‘असते’ हे पद अक्षरशः घेतले, तर एकूण घर्षण २०.८ व एकूण ओढ २० न्यूटन ठरते. म्हणजे उरलेल्या ०.८ न्यूटन बलाने ठोकळे आपोआप चढण चढू लागावेत! ‘असू शकते’ म्हटले की हा विपर्यास नाहीसा होतो. घर्षण एकूण २० न्यूटनच राहते व ठोकळे स्थिर असतात. खालच्याला किमान ३.१ न्यूटन ताणाचा आधार हवा, वरचा जास्तीत जास्त ३.९ न्यूटन ताण पेलू शकतो. या दोहोंमधील नेमका ताण समतोलाच्या समीकरणांवरून ठरत नाही. दोरी प्रथम किती ताणली गेली होती, यावर तो अवलंबून राहतो.

‘जोडलेले’ हे विशेषणही असेच दिशाभूल करणारे आहे. त्यावरून दोन ठोकळे मिळून एकच वस्तू झाल्याचा भास होतो. ठोकळ्यांची अदलाबदल करून गुळगुळीत ठोकळा वर ठेवला, तर मर्यादांची बेरीज तीच राहते. तथापि तो खाली घसरतो आणि दोरी सैल पडते. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. हा भेद ‘जोडलेले’ या शब्दात नाही. तो वेगळ्या वाक्याने सांगावा लागतो.

लोकभाषेतून स्थितिशास्त्र लिहिण्याचा प्रश्न युरोपातही एकदा उपस्थित झाला होता. १५८६ साली सिमॉन स्टेव्हिन याने आपला या विषयावरील ग्रंथ लॅटिनऐवजी डच भाषेत लिहिला आणि शास्त्रासाठी त्या भाषेची योग्यता प्रतिपादन करणारा निबंधही त्यास जोडला. त्याच ग्रंथात दोन उतरणींच्या त्रिकोणाभोवती चौदा गोलांची माळ कल्पून, ती घर्षणाविनाही अखंड फिरत राहणे असंभवनीय म्हणून ती समतोलच असली पाहिजे, असे त्याने दाखविले. निष्कर्षातील विसंगती दिसताच गृहीतक तपासावयाचे, हीच त्या युक्तिवादाची रीत. आपोआप चढण चढणारे ठोकळे पाहून मराठी वाक्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. संज्ञांची उणीव त्यामुळे बरीच भरून निघाली. परंतु कोश नाम पुरवितो; नियम सांगतो तो वाक्यातून, आणि त्या वाक्याचा भार क्रियापदावर असतो. ‘पर्यंत’ आणि ‘असू शकते’ ही साधने मराठीत पूर्वीपासूनच आहेत. ती न वापरल्यामुळे विद्यार्थ्याचे उत्तर चुकले, तर तो भाषेचा दुबळेपणा म्हणता येणार नाही.