तहानेचे साधारणीकरण : वाळवंटी कादंबरी आणि आस्वादाचा प्रश्न

वाळवंटाची पार्श्वभूमी असलेल्या कादंबऱ्या वाचताना मिळणारा आनंद हा बहुतेक वेळा रितेपणाचा आनंद असतो. अथांग वाळू, निरभ्र आकाश आणि त्या दोहोंमध्ये सापडलेला एकटा माणूस ही चौकट वाचकाच्या मनात इतकी रुजलेली असते की, वाळवंट म्हणजे चिंतनासाठी मोकळी ठेवलेली जागा, असे तो गृहीत धरतो. या गृहीताची चिकित्सा झाल्याशिवाय या कादंबऱ्यांच्या आस्वादाची चर्चा पुढे सरकू शकत नाही. ज्या भूमीत विहिरींना नावे असतात, त्यांच्यावर टोळ्यांचे हक्क असतात आणि त्या हक्कांना पिढ्यांचा इतिहास असतो, ती भूमी रिती दिसते ती नेमकी कोणाला, हा प्रश्न वाङ्मयीन आहे तितकाच नैतिकही आहे.

भारतीय काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची संकल्पना येथे उपयोगी पडते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने वेगळ्या अंगाने विकसित केलेल्या या विचारानुसार, काव्यातील भाव विशिष्ट व्यक्ती, स्थल आणि काल यांच्या बंधनातून मुक्त होतो आणि म्हणूनच दुःखाचाही आस्वाद घेता येतो. वाळवंटी कादंबरी या संकल्पनेला एका अवघड कसोटीवर उभी करते. तहान ही मुळात शरीराची अवस्था आहे. साहित्यात मात्र ती पाहता पाहता अर्थाची, अनंताची, मुक्तीची तहान होते. हे रूपांतर किती लवकर घडते आणि त्यात कोणाची तहान विसरली जाते, यावर कादंबरीचे मूल्य पुष्कळसे अवलंबून राहते.

पॉल बोल्स यांची ‘द शेल्टरिंग स्काय’ (1949) ही घाईच्या साधारणीकरणाचे समर्थ उदाहरण आहे. पोर्ट आणि किट हे अमेरिकन जोडपे सहारात अधिकाधिक आत शिरत जाते. वाटेत पोर्टला विषमज्वर होतो आणि एका दूरच्या लष्करी ठाण्यात त्याचा अंत होतो. कादंबरीच्या आरंभीच्या भागात एक स्थानिक तरुणी पोर्टला तीन मुलींची गोष्ट सांगते. सहारात बसून चहा पिण्याची त्यांची इच्छा असते. अखेर त्या एका उंच टेकडीवर मृतावस्थेत सापडतात आणि त्यांचे पेले वाळूने भरलेले असतात. ही गोष्ट विसरता येत नाही, हे बोल्स यांच्या सामर्थ्याचे गमक आहे. परंतु सांगणारीच्या जीवनाशी तिचा काय संबंध आहे, हे कादंबरी फारसे विचारत नाही. ती गोष्ट पोर्टच्या नियतीचे चिन्ह बनते आणि तेथेच थांबते. मुलींचे मरण हे परक्या प्रवाशाच्या अस्तित्वचिंतेचे रूपक ठरते. वाचकाला लाभणारी भव्यतेची अनुभूती अशा प्रकारे एका वगळण्यावर उभी असते.

यावरून रितेपणाच्या सर्वच कादंबऱ्या संशयास्पद ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. दिनो बुत्साती यांच्या ‘तार्तारांचे वाळवंट’ (1940) या इटालियन कादंबरीतील बास्तियानी किल्ल्याला नकाशावर जागाच नाही. ज्योव्हान्नी द्रोगो हा अधिकारी शत्रूची वाट पाहत आपले आयुष्य तेथे घालवतो आणि शत्रू खरोखरच येतो तेव्हा आजारी द्रोगोला तेथून परत पाठवले जाते. येथील वाळवंट हे प्रथमपासून प्रतीक म्हणूनच समोर येते. कोणाच्याही राहत्या भूमीवर ते प्रतीक लादलेले नाही. म्हणून त्याच्या रितेपणाचा आस्वाद घेताना वाचकाला कोणाचेही ऋण बुडवल्यासारखे वाटत नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला अब्दुल रहमान मुनीफ (1933–2004) यांची पाच खंडांची ‘मिठाची शहरे’ ही अरबी कादंबरी उभी आहे. तिचा पहिला खंड 1984 साली प्रसिद्ध झाला. तेलाच्या अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या या लेखकाने कादंबरीचा आरंभ तेलाने केलेला नाही, पाण्याने केला आहे. वादी अल-उयून, म्हणजे झऱ्यांची दरी, हे काफिल्यांच्या वाटेवरचे हिरवे ठिकाण आहे. तेथे पाऊसमान, खजुरीची झाडे आणि परदेशी गेलेल्या मुलांची वाट पाहणारी घरे यांचे मिळून एक जग तयार झालेले आहे. तेलाच्या शोधात आलेली यंत्रे ही झाडे उपटून टाकतात, तेव्हा वाचकापुढे पडते ती एका हिशेबी, नांदत्या व्यवस्थेची हत्या. मितेब अल-हथाल उंटिणीवर बसून निघून जातो आणि पुढे लोकांच्या बोलण्यात, भासांत आणि धास्तीत तेवढा उरतो. यानंतर कथानक हर्रान या किनाऱ्यावरील वस्तीकडे वळते. तेथे एकाच नावाची दोन गावे वाढू लागतात, एक अमेरिकनांचे आणि एक अरब मजुरांचे.

या खंडाच्या इंग्रजी अनुवादाचे 1988 साली परीक्षण करताना जॉन अपडाईक यांनी असा आक्षेप घेतला होता की, यात मध्यवर्ती व्यक्तिरेखा नाही, व्यक्तीच्या नैतिक साहसाची जाणीव नाही आणि म्हणून पाश्चात्त्य अर्थाने ही कादंबरीच वाटत नाही. अमिताव घोष यांनी 1992 मधील आपल्या लेखात या आक्षेपाचा समर्पक प्रतिवाद केला. ‘बनगरवाडी’ (1955) वाचलेल्या मराठी वाचकाला तर हा आक्षेप मुळातच विचित्र वाटेल. गाव हेच कादंबरीचे केंद्र असू शकते आणि दुष्काळाने ते गाव पांगणे हाच कादंबरीचा शेवट असू शकतो, हे व्यंकटेश माडगूळकरांनी त्याला केव्हाच दाखवून दिलेले आहे. अपडाईक यांना जे न्यून वाटले ते वस्तुतः मुनीफ यांचे आशयसूत्र आहे : नायक हरवतो, कारण ज्या समूहामुळे तो नायक होता तो समूहच उद्ध्वस्त होतो. हे मान्य करूनही, मुनीफ यांचे अमेरिकन प्रायः दुरून पाहिलेले राहतात आणि प्रसंगांची पुनरावृत्ती निवेदनाला मधूनमधून शिथिल करते, ही मर्यादा नोंदवायला हवी.

आतून लिहिणे म्हणजे केवळ समाजचित्रण, असा समज यातून होऊ नये. तुआरेग समाजात जन्मलेले लिबियन कादंबरीकार इब्राहिम अल-कोनी यांच्या ‘अत-तिब्र’ (सुवर्णधूळ, 1990) या कादंबरीत गूढता, पुराणकथा आणि सूफी चिंतन यांची दाट वीण आहे. उखय्यद आणि त्याचा चित्रवर्णी मेहरी उंट यांचे नाते हा तिचा गाभा आहे. खरजेने ग्रासलेल्या उंटाला तो एक दुर्मीळ वनस्पती खाऊ घालतो. ती रोग बरा करते, पण प्राण्याला वेड लावते. बेफाम उधळलेल्या उंटाला बिलगून राहिलेला उखय्यद रक्तबंबाळ आणि तहानेने अर्धमेला होऊन विहिरीपर्यंत पोचतो. माणूस, उंट, दोर आणि विहीर यांच्यातील त्या प्रसंगाला पुनर्जन्माचे परिमाण आहे. तरीही दोराची लांबी आणि पाण्याची खोली कादंबरीकार क्षणभरही विसरत नाही. येथे साधारणीकरण घडते, परंतु ते शरीराच्या वाटेने घडते. बोल्स आणि अल-कोनी यांच्यातील भेद परका आणि स्थानिक एवढाच नाही. अनंताकडे जाण्यापूर्वी विहिरीशी थांबण्याची तयारी कोणाची आहे, हा तो भेद आहे.

घस्सान कनफानी यांच्या ‘उन्हातील माणसे’ (1963) या लघुकादंबरीत हे थांबणेच नाकारले गेले आहे. बसऱ्याहून कुवेतकडे चोरून निघालेले तीन पॅलेस्टिनी पाण्याच्या रिकाम्या टाकीत लपतात. जेथे पाणी असायला हवे तेथे माणसे आहेत, एवढ्या एका उलटापालटीत निर्वासितपणाचा सारा अर्थ सामावतो. चालकाने केलेला मिनिटांचा हिशेब सीमेवरील कारकुनाच्या चावट गप्पांत चुकतो आणि तिघेही मरतात. त्यांनी टाकीच्या भिंती का ठोठावल्या नाहीत, हा चालकाचा अखेरचा प्रश्न वाचकाला आस्वादकाच्या सुरक्षित आसनावरून उठवतो.

आखाती तेलाच्या शहरांतील अनुभव बहुभाषिक आहे आणि एका स्थळात, एका भाषेत रुजलेल्या कादंबरीच्या रूपबंधाला तो पेलणे कठीण जाते, असे घोष यांनी त्याच लेखात सुचवले होते. बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम्’ (2008) ही मल्याळम् कादंबरी या अडचणीला एका कोपऱ्यातून भिडते. केरळात नदीत बुड्या मारून वाळू काढणारा नजीब सौदी वाळवंटातील शेळ्यांच्या वाड्यावर गुलामासारखा अडकतो. शौचानंतर पाणी वापरले म्हणून त्याला फटका बसतो. नदीच्या माणसाला पाण्याची किंमत अशी शिकवली जाते. भाषा समजत नसलेल्या त्या जगात तो शेळ्यांना आपल्या गावच्या माणसांची नावे देतो. ज्या भूमीचे एकही नाव त्याला ठाऊक नाही, तिच्यात आपल्या नावांची एक वस्ती उभारण्याची ही धडपड आहे. या वाळवंटाला ना मुनीफ यांच्या स्मृतीचा आधार आहे, ना बोल्स यांच्या नायकाचे स्वेच्छेने हरवण्याचे स्वातंत्र्य.

या कादंबऱ्या एकत्र वाचल्या असता आस्वादाची एक कसोटी हाती येते. कादंबरीत पाणी कोठून येते, ते कोण भरते, कोणाला नाकारले जाते, याचा माग ठेवत वाचणे म्हणजे सौंदर्यदृष्टीला समाजशास्त्राची जोड देणे नव्हे. या वाङ्मयात सौंदर्यच त्या हिशेबातून घडलेले असते. वादी अल-उयूनची हिरवळ सुंदर वाटते, कारण ती किती जपावी लागते हे कळलेले असते. दुःखाचा आस्वाद घेता येतो, हे काव्यशास्त्राने सांगितलेले सत्य या कादंबऱ्या खोटे ठरवत नाहीत. त्या आस्वादापूर्वी विशिष्टाची ओळख पुरी झाली पाहिजे, एवढी अट मात्र त्या घालतात. तहान सर्वांची होण्याआधी ती कोणा एकाची, नाव असलेल्या माणसाची असावी लागते.