‘ताप’ या रकान्यात कोण कोण आहे?

बेळगाव-धारवाड भागातल्या जुन्या साथींबद्दल कुणीही लिहायला बसलं की पहिला हात जातो तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरकडे. बेळगावचा एकविसावा खंड, धारवाडचा बाविसावा, विजापूरचा तेविसावा. तिन्ही १८८४ चे. आरोग्याच्या प्रकरणात मृत्यूंची कारणवार आकडेवारी दिलेली असते. कारणं मोजकीच: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात, आणि उरलेलं सगळं ‘इतर’. साथींवरचे अलीकडचे बरेच लेख मी ओळीने वाचून काढले. बहुतेकांनी हे आकडे जसेच्या तसे उचललेत, आणि काहींनी तर ‘ताप’चा अर्थ निमूटपणे ‘मलेरिया’ असा करून टाकलाय. माझी हरकत इथूनच सुरू होते.

आधी ही नोंद करत कोण होतं ते बघा. गावात डॉक्टर नव्हता. कुणी गेलं की घरचा माणूस सांगणार, पाटील-कुलकर्णी ऐकून लिहिणार, महिनाअखेर कागद कचेरीत जाणार, आणि तिथून बेरजा होत होत तो आकडा सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात पोचणार. देवी अंगावर दिसतात, पटकी एका दिवसात माणूस नेते, साप चावलेला कळतो. या नोंदींवर मी बराच विश्वास ठेवीन. पण मुदतीचा ताप, हिवताप, बाळंतिणीचा ताप, फुप्फुसाची सूज, क्षय, या सगळ्यांत शेवटच्या दिवसांत अंग तापतंच. कुलकर्ण्यानं ‘ताप’ लिहिलं त्यात त्याची लबाडी नव्हती. त्याच्यापुढे रकानेच तेवढे होते. म्हणून ‘ताप’चा आकडा सगळ्यात मोठा येतो. त्यावरून हवेचे, तळ्यांचे, भातखाचरांचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी जरा थांबावं.

रकाने ठरवणारे दूर बसलेले होते. लंडनच्या रजिस्ट्रार जनरलच्या कचेरीत १८३९ पासून विल्यम फार मृत्यूंचं वर्गीकरण करत होता. पसरणारे रोग एका गटात घालायची त्याची रीत होती. सरकारला लष्कराची आणि व्यापाराची धास्ती, त्यामुळे पसरणाऱ्या रोगांना स्वतंत्र घरं मिळाली. भुकेला मात्र घर मिळालं नाही.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. १८७६-७८ चा दुष्काळ आपल्याकडे किती भयंकर होता हे कलादगी जिल्ह्यावरून, म्हणजे पुढच्या विजापूरवरून, कळतं. १८७२ च्या खानेसुमारीत तिथे सुमारे ८ लाख १६ हजार माणसं होती, १८८१ मध्ये ६ लाख ३८ हजार. बेळगाव जिल्हा सुमारे ९ लाख ३९ हजारांवरून ८ लाख ६४ हजारांवर आला. काही लोक जगायला बाहेर गेले असतील, मान्य. पण मेलेल्यांना मृत्यूच्या तक्त्यात शोधायला जा, ते सापडतात पटकीत, तापात, पोटाच्या विकारांत. उपाशी माणसाला शेवटी हगवण लागते, साधा तापही सोसत नाही. कागदावर रोगाचं नाव पडतं आणि भूक निसटते. मग लेखक लिहितो की ‘त्या वर्षी पटकीची मोठी साथ आली होती’. साथ खरीच होती. पण धान्याचे भाव आणि पाऊस यांच्याशेजारी तो आकडा ठेवला नाही, तर सरकारी वर्गीकरणाचीच री ओढल्यासारखं होतं.

प्लेगचं उलटं झालं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात तो ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. पुढे प्लेगला स्वतंत्र रकाना मिळाला, पण रकाना आला तशी लपवाछपवीही आली. प्लेग लिहिलं की घराची झडती, सामानाची जाळपोळ, माणसांना छावणीत नेणं. मग घरचेच सांगणार, ‘ताप होता हो, दुसरं काही नाही.’ हुबळीला १८९८ मध्ये प्लेगने थैमान घातलं. त्या काळातले प्लेगचे आकडे किमान म्हणून वाचावेत, आणि शेजारी तापाचा रकाना किती फुगलाय तेही पाहावं.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा तर जवळजवळ सगळा तापाच्याच पोटात गेला. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं दगावली असं म्हणतात. हा आकडा मुख्यतः आधीच्या वर्षांची सरासरी काढून, त्यावरचे जादा मृत्यू इन्फ्लुएन्झाचे धरून काढलेला आहे. त्याच वर्षी पाऊस बुडाला होता, महागाई होती. म्हणजे भूक इथेही आत आहेच, फक्त यावेळी इन्फ्लुएन्झाच्या नावावर. गंमत म्हणजे गावानं त्या साथीला स्वतःचं नाव दिलं होतं: मानमोडी. रोग वेगळा आहे हे लोकांनी ओळखलं होतं. छापील फॉर्मात त्यासाठी जागा नव्हती एवढंच.

आताही फार फुशारकी नको. जागतिक आरोग्य संघटनेची यादी आहे, तिची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. मृत्यूच्या दाखल्यात तात्कालिक कारण आणि त्याच्या मुळाशी असलेलं कारण वेगळं लिहायचं असतं. तरी ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहून मोकळं व्हायची सवय गेलेली नाही (हृदयक्रिया कुणाची बंद पडत नाही?). आपल्या वर्तमानपत्रांतलं ‘अल्पशा आजाराने’ त्याच घराण्यातलं. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले जेमतेम पाचवा हिस्सा.

सध्या गाव नमुना चौदाची, म्हणजे कोतवाल बुकाची, जुनी पानं जातीच्या दाखल्यांसाठी भराभर उलटली जातायत. सगळ्यांची नजर जातीच्या रकान्यावर. त्याच ओळीत मृत्यूचं कारणही लिहिलेलं असतं. गॅझेटिअरमधल्या बेरजांपेक्षा ही कच्ची नोंद मोलाची, कारण बेरीज होताना पुसले गेलेले शब्द इथे कधीकधी शिल्लक असतात. ज्यांच्या हाती अशी वही येईल त्यांनी जातीच्या नोंदीबरोबर कारणाचा रकानाही टिपून घ्यावा, आणि कुलकर्ण्याचा शब्द आहे तसाच ठेवावा. ‘गाठीचा ताप’ असेल तर ‘गाठीचा ताप’. कंसात प्लेग लिहायला हरकत नाही, पण मूळ शब्द खोडून नको.