लाखेच्या तबकड्या

संगीताची गोडी मैफलीतच लागावयाची, गवयाच्या समोर बसल्यावाचून गाणे कळावयाचे नाही, असे मत जाणत्या मंडळींकडून आपण नेहमी ऐकतो. मत आदरणीय खरे. पण ते ज्यांच्या गावी मैफली होतात त्यांचे आहे. आमचे बालपण मेळघाटात, धारणीस गेले. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करीत घाटांतून येणाऱ्या मोटारीतून तंबोऱ्याची जोडी उतरलेली आम्ही कधी पाहिली नाही. घरी होता तो आजोबांच्या वेळचा चावीचा फोनो आणि पत्र्याच्या पेटीत वीस-बावीस तबकड्या. काळ १९८० च्या आगेमागेचा. शहरांत ही यंत्रे तोवर माळ्यावर जाऊन पडली होती. धारणीची वीज मात्र लहरी, म्हणून आमच्याकडे चावीची प्रतिष्ठा टिकून होती.

त्या तबकड्या लाखेच्या. पळस, कुसुम, बोर यांवरील किड्यांपासून ही लाख मिळते, आणि आमच्या भोवतालचे रान पळसाने भरलेले. आपल्या रानातल्या झाडांवर पिकणारी वस्तूच परत घरी येऊन गाते आहे, अशी आमची त्या वयातली समजूत होती. ती चुकीची असेल, पण तिने त्या काळ्या वर्तुळांविषयी जी आत्मीयता निर्माण केली ती आजही ओसरलेली नाही.

पेटीतले रत्न म्हणजे अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस वेळ मिळतो सुमारे सव्वातीन मिनिटांचा. ज्या कलेत रागाची ओळख करून द्यावयासच अर्धा तास लागावयाचा, तिला या खुराड्यात कोंबणे हा अत्याचार होय, असे टीकाकार म्हणत आले. खाँसाहेबांची झिंझोटी ऐकताना आम्हांस तसे कधी वाटले नाही. तीत काही कापलेले, वगळलेले, घाईने उरकलेले जाणवत नाही. चौदा ओळींच्या सुनीतास कोणी तोकडे महाकाव्य म्हणत नाही. त्याची ऐट त्याच्या मर्यादेतूनच येते. खाँसाहेबांनी ही मर्यादा ओळखली. पहिल्याच स्वरात ते रागाचा दरवाजा सताड उघडतात आणि मग आत सावकाश फिरतात. सावकाशपणा घड्याळात नसतो, स्वर लावण्यात असतो, हे आम्ही येथे शिकलो.

येथे यंत्राचाही मोठेपणा मान्य केला पाहिजे. १९०२ साली गौहरजानने कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केले तेव्हा कर्ण्यात तोंड घालून खच्चून गावे लागे. १९२५ नंतर विजेचा ध्वनिग्राहक आला आणि हळू, नाजूक गळ्याचेही दिवस आले. खाँसाहेबांचा बारीक, किंचित अनुनासिक, दुखऱ्या कडेचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला तो १९३७ साली त्यांचे देहावसान होण्यापूर्वी हा बदल घडून आला म्हणून. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा स्वच्छ, निर्मळ स्वरही याच कृपेचे फळ. हुबळीच्या बाजूस एका दुकानात खाँसाहेबांची तबकडी ऐकून भीमसेन जोशी नावाच्या मुलाने गाण्यासाठी घर सोडले, ही कथा सर्वश्रुत आहे. आम्ही घर सोडले नाही. आमच्या अंगी तेवढे धैर्य नव्हते आणि गळा तर नव्हताच.

बालगंधर्वांच्या तबकड्यांविषयी मात्र आमचे मत थोडे प्रतिकूल आहे, व ते मांडताना वडील माणसे रागावतील याची जाणीवही आहे. त्यांचे गाणे रंगभूमीचे. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणणार आणि ते त्याच पदास नवी कळा देणार. तबकडीत ही संधी नाही. सुई पुन्हा आरंभी ठेवली तरी जागा तीच, मुरकी तीच! तथापि या तबकड्यांचे एक ऋण फार मोठे आहे. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, आणि बुवांच्या स्वतःच्या आवाजाची तबकडी आज उपलब्ध नाही. शिष्याच्या कंठातून गुरूची सावली ऐकावयाची, एवढेच आपल्या हाती उरते. अल्लादिया खाँ तर १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाही आवाज आपल्यासाठी राहिला नाही. तबकडीवर वाढलेल्या आमच्यासारख्या श्रोत्याचा दोष हाच, की जे मुद्रित झाले तेच थोर, असे मानण्याची खोड त्यास जडते. पुढे कॉलेजच्या दिवसांत खरी मैफल ऐकावयास मिळाली तेव्हा गवयाने झिंझोटी आळवली आणि आम्ही मनातल्या मनात तबकडी लावून बसलो! समोरचा मनुष्य नवे काही सांगत होता. आम्ही तो कोठे चुकतो हे मोजीत होतो. त्या रात्रीचा पश्चात्ताप अद्याप सरला नाही.

या खोडीतून आम्हांस काही अंशी सोडविले ते वऱ्हाडच्याच सुपुत्राने. वसंतराव देशपांडे यांचा जन्म मूर्तिजापूरचा, १९२० सालचा. त्यामुळे आमच्या घरी त्यांच्याविषयी बोलताना ‘आपले’ हे विशेषण आपोआप लागे. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ सालच्या नाटकाने ते घरोघर पोहोचले. पण आम्हांस त्यांचा मारवा भेटला तो कॅसेटवर. सव्वातीन मिनिटांची सवय झालेल्या कानास हा मारवा प्रथम उद्धट वाटला. मारव्यात षड्जावर विसावा घ्यावयाचा नाही, पंचम तर वर्ज्यच. घरी परतण्याची सोयच त्या रागाने ठेविली नाही. वसंतराव त्या बेघरपणाशी खेळतात, अडखळल्यासारखे करतात आणि भलत्याच ठिकाणाहून वर येतात. येथे रेखीवपणा नाही, जोखीम आहे. यंत्राचे सेल उतरले की मारवाही उतरे; कोमल ऋषभ हळूहळू पाताळात जाई आणि आम्ही सेल उन्हात तापवीत बसू. तरीही प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, प्रेम खाँसाहेबांवर आणि आदर वसंतरावांवर, अशी आमची वाटणी आजही कायम आहे.

एक गोष्ट राहिली. खाँसाहेबांची वसंत रागातील एक प्रसिद्ध चीज ‘फगवा’ या शब्दाने सुरू होते. वडिलांनी आम्हांस त्याचा अर्थ व्रजातील होळी असा समजावून दिला होता. मेळघाटात कोरकू लोकांचा सर्वांत मोठा सण होळीचा. तेव्हा ढोलकी-बासरी घेऊन त्यांचे मेळे नाचत येतात, वाटसरूंना अडवून, दारोदार थांबून पैसे मागतात, आणि त्या मागण्याचे नावही फगवाच. एका वर्षी आमच्याकडे ती तबकडी चालू असता असाच मेळा अंगणात आला. बासरीचा सूर लांब, खालचा, एकाच वळणावर पुन्हा पुन्हा येणारा होता. वडिलांनी बाहेर जाऊन नाणी दिली. ढोलकीच्या आवाजात खाँसाहेबांची तान बुडत होती, म्हणून आम्ही उठलो आणि खिडकी लावून घेतली.