‘हळूहळू’ आणि ‘कालांतराने’

सूर्यमालेच्या जन्माची गोष्ट मराठीत बहुतेक वेळा पाच-सहा वाक्यांत संपते. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग होता. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणामुळे तो आकसला, वेगाने फिरू लागला, चपटा झाला. मध्यभागी सूर्य पेटला. भोवतालच्या तबकडीतले धूलिकण हळूहळू एकमेकांना चिकटत गेले आणि कालांतराने त्यांचे ग्रह झाले. पाठ्यपुस्तक असो, रविवारची पुरवणी असो की यूट्यूबवरचा व्हिडिओ, शब्द थोडेफार बदलतात, गोष्ट हीच.

ढोबळमानाने ती खरीही आहे. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने २०१४ मध्ये एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची तबकडी टिपली. तारा जेमतेम दहा लाख वर्षांचा, आणि तबकडीत वलयं आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या खाचा स्पष्ट दिसतात. तेव्हा माझी तक्रार तथ्यांबद्दल नाही, सांगण्याच्या रीतीबद्दल आहे. ती दोन शब्दांवर बोट ठेवून मांडता येईल.

पहिला शब्द ‘हळूहळू’. त्याच्यामागून ‘चिकटत गेले’, ‘वाढत गेले’ अशी क्रियापदं येतात. मराठीतली ही फार सोयीची रचना आहे. मूल मोठं होत गेलं म्हणावं, तशी धूळ ग्रह होत गेली. वाटेत काही अडलं असेल अशी शंकाच वाचकाला येत नाही. प्रत्यक्षात सगळी अडचण त्या ‘गेले’मध्ये आहे. बारीक कण एकमेकांना चिकटतात, हे प्रयोगशाळेत दिसतं. पण ते मिलिमीटर-सेंटिमीटरच्या घरात गेले की टक्कर झाल्यावर चिकटण्याऐवजी उडतात किंवा फुटतात. त्यातूनही मीटरभराचा धोंडा झालाच, तर वायू आडवा येतो. तबकडीतला वायू धोंड्यापेक्षा किंचित कमी वेगाने सूर्याभोवती फिरत असतो, त्यामुळे धोंड्याला सतत समोरून वारा लागतो. त्याचा वेग मोडतो आणि तो सूर्याकडे घसरू लागतो. पृथ्वीच्या अंतरावरून निघालेला असा धोंडा काही शे वर्षांत आत जाऊन संपेल. म्हणजे हळूहळू वाढायला सवडच नाही.

यावरचं एक उत्तर अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी २००५ मध्ये मांडलं. वायू आणि कण यांच्यातल्या या ओढाताणीतच कणांचे दाट थवे जमू शकतात. थवा पुरेसा दाट झाला की तो स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो आणि मधली मीटरभराची पायरी गाळून एकदम किलोमीटरच्या मापाचे पिंड तयार होतात. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान नेपच्यूनच्या पलीकडच्या ॲरोकॉथ या पिंडाजवळून गेलं. दोन गोळे अलगद एकमेकांना टेकवून ठेवावेत तसा त्याचा आकार आहे, जोरदार आदळल्याच्या खुणा नाहीत. थव्याच्या कल्पनेशी हे जुळतं. गोष्टीतला सगळ्यात उत्कंठेचा प्रसंग हा, आणि आपण तो एका क्रियाविशेषणात गुंडाळतो.

दुसरा शब्द ‘कालांतराने’. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोतल्या आयेंदे गावाच्या परिसरात उल्का पडली. तिचे दोन टनांहून अधिक तुकडे गोळा झाले. त्यांत कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने समृद्ध असे पांढुरके ठिपके आहेत. अशाच ठिपक्यांच्या वयावरून सूर्यमालेची सुरुवात आपण ४५६.७ कोटी वर्षांपूर्वी धरतो. आता दुसरा आकडा पाहा. कोवळ्या ताऱ्यांभोवतीचा वायू काही दशलक्ष वर्षांतच, फार तर कोटीभर वर्षांत, नाहीसा होतो. गुरू बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमचा. त्याला हा वायू संपण्याआधी मोठं व्हावंच लागलं. पृथ्वी दगड आणि लोखंडाची. वायू गेल्यानंतरही टकरा खात ती कित्येक कोटी वर्षं घडत राहिली. एकाची घाई आणि दुसरीची सवड. ‘कालांतराने’ म्हटलं की दोन्ही पुसलं जातं.

ही निवांत, बिनशंकेची शैली आली कुठून? या गोष्टीच्या दोन जुन्या संहिता शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली इमॅन्युएल कांटची, १७५५ सालची. तिशीतल्या कांटने पुस्तक निनावी काढलं, प्रकाशकाचं दिवाळं निघालं आणि ते फारसं कोणापर्यंत पोचलंच नाही. त्यात तो विस्कळीत कणांपासून अख्खं विश्व उभारत जातो, आणि हा झपाटा त्याला आवरत नाही. शेवटच्या भागात तो ग्रहांवरच्या रहिवाशांपर्यंत जातो: सूर्यापासून जितकं दूर, तितकं शरीर तलम आणि बुद्धी तल्लख. दुसरी संहिता लाप्लासची, १७९६ सालची. आकाशाचं गणित कांटपेक्षा कितीतरी चांगलं जाणणारा हा माणूस आपल्या ग्रंथाच्या शेवटाकडे ही कल्पना मांडतो, आणि जे निरीक्षणातून किंवा गणितातून आलेलं नाही त्याबद्दल जेवढा अविश्वास बाळगायला हवा तेवढा बाळगूनच आपण हे मांडतो आहोत, असं बजावतो. आपल्या लोकप्रिय लेखनाने दोघांचीही नावं ठेवली, कांटचा झपाटा ठेवला आणि लाप्लासचा संकोच गाळला.

तो संकोच रास्त होता. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात जवळ घेतले की खुर्ची जोरात फिरते. ढग आकसून सूर्य झाला असेल, तर सगळ्यात जास्त फिरकी सूर्याकडे हवी. सूर्यमालेचं ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात आहे, पण फिरकीतला, म्हणजे कोनीय संवेगातला, त्याचा वाटा १ टक्काही नाही. या हिशेबापायी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ढगाची गोष्ट मोडीतच निघाली. चेंबरलिन आणि मोल्टन यांनी, पुढे जीन्सने, जवळून गेलेल्या ताऱ्याने सूर्यातून द्रव्य ओढून काढलं असं मांडलं. १९३९ मध्ये लायमन स्पिट्झरने दाखवलं की असं तापलेलं द्रव्य गोळा होण्याऐवजी विखरून जाईल. ढग परत आला. सूर्याची फिरकी त्याच्या चुंबकीय क्षेत्राने आणि बाहेर वाहणाऱ्या द्रव्याने कमी केली, हा खुलासा नंतर मिळाला. आज आपण जी गोष्ट निर्धास्तपणे सांगतो, ती एकदा टाकून दिलेली आणि दुरुस्त होऊन परतलेली आहे.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. एकाच इनपुटवर चाललेला प्रोग्राम आमच्याकडे कोणी पुढे जाऊ देत नाही. सूर्यमालेचे सिद्धांत मात्र १९९५ पर्यंत जवळजवळ एकाच उदाहरणावर तपासलेले होते, कारण दुसरं नव्हतंच. आत छोटे खडकाळ ग्रह, बाहेर बर्फ मिळतो तिथे मोठे वायूचे. मग मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या किमान निम्म्या वस्तुमानाचा ग्रह सापडला. आपल्या गुरूला एका फेरीला बारा वर्षं लागतात, याला ४.२ दिवस. अशा जागी असा ग्रह घडणं अवघड. तो बहुधा दूर घडून आत सरकला असणार. मग आपले ग्रहही जिथे जन्मले तिथेच राहिले कशावरून? २००५ मध्ये मांडलेल्या नीस प्रारूपात गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे चौघंही जागा बदलतात. आपली नेटकी मांडणी ही उलथापालथीनंतर उरलेली मांडणी आहे. ‘आणि अशा रीतीने आपली पृथ्वी तयार झाली’ या भरतवाक्याला ते सोसत नाही.

यावर म्हणता येईल की शाळेतल्या मुलाला एवढं कशाला? पानभर जागेत संवेग आणि उल्का कुठे बसवायच्या? जागेची अडचण खरी आहे. पण त्याच पानावर सूर्याच्या पोटात किती पृथ्व्या मावतील याला जागा असते. धूळ कुठपर्यंत चिकटते आणि कुठे अडते, हे सांगायला तेवढीच पुरेल. आणि सहावीतल्या मुलीला अडचण समजत नाही, असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

मला हे शैलीपुरतं प्रकरण वाटत नाही, कारण ही गोष्ट आपल्याकडे एकटी नसते. आपल्या पुराणांतही ब्रह्मांडाच्या उत्पत्तीच्या कथा आहेत, आणि ‘हे सगळं आमच्याकडे आधीच सांगितलेलं होतं’ असं म्हणणारे फॅमिली ग्रुपवर रोज भेटतात. त्या कथांना मी कमी लेखत नाही. कथा म्हणून त्यांतल्या काही फार सुंदर आहेत. पण विज्ञानही जर पुराणाच्याच घाटात सांगितलं, सुरुवातीला ढग, मग तेज, मग ग्रह, पुरावा नाही, अडचण नाही, माघार नाही, तर वाचकाने दोघांत फरक कशाच्या आधारावर करावा? दोन तयार गोष्टींपैकी त्याला जवळची वाटते ती तो उचलणार. आयेंदेचा दगड हातात घेऊन तपासता येतो, सूर्याची फिरकी मोजता येते, आणि त्या मोजमापापुढे मोठमोठ्यांना आपली गोष्ट मागे घ्यावी लागली. एवढं वाचकापर्यंत पोचलं तर निवडीला काही आधार मिळेल.

म्हणून यापुढे असा लेख हातात आला की मी आधी हे दोन शब्द शोधते. ‘हळूहळू’ म्हणजे किती वर्षं, आणि ‘कालांतराने’च्या आधी नेमकं काय अडलं होतं, एवढं ज्या लेखात सापडेल तो मी पुढे वाचते.